शंभर वर्षं कपाटात राहिलेली सिंफनी: हान्स रॉटच्या ई मेजरचं प्रकरण

विशीतल्या एका मुलाने, हान्स रॉटने, १८८० मध्ये व्हिएन्नात जवळजवळ तासाभराची ई मेजर या पट्टीतली सिंफनी (पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) लिहून पूर्ण केली, ती कोणी वाजवली नाही, मुलगा चार वर्षांत वारला, आणि ती पहिल्यांदा लोकांच्या कानावर पडली ४ मार्च १९८९ ला. तेही व्हिएन्नात नाही, अमेरिकेत सिनसिनाटीला, आणि वाजवणारे होते कॉलेजचे विद्यार्थी. मधल्या शंभरेक वर्षांत ही सिंफनी हरवली होती असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ती हरवली नव्हती. स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं लिहिलेलं संगीत, कुठे आहे हे कोणाला ना कोणाला कायम माहीत होतं. ज्याच्या हातात तो होता त्याने पुढचं काम केलं नाही, किंवा त्याला करता आलं नाही, एवढंच. मला हे प्रकरण मांडावंसं वाटलं ते त्यासाठीच, कारण विसरलेल्या संगीताबद्दल बोलताना आपण सापडण्याच्या क्षणाला फार महत्त्व देतो आणि त्यानंतरचं काम कोणी पाहत नाही.

नावांबद्दल एक. ज्यांची नोंद सार्वजनिक आहे त्यांचीच नावं घेतलीयेत. ऑर्केस्ट्रातले विद्यार्थी वगैरे निनावीच ठेवलेत.

पार्श्वभूमी

हान्स रॉटचा जन्म १ ऑगस्ट १८५८ चा, व्हिएन्नातला. वडील नाटकात विनोदी कामं करणारे नट, तिथे बऱ्यापैकी प्रसिद्ध. आई १८७२ मध्ये गेली, मग वडलांना रंगमंचावर अपघात झाला आणि १८७६ मध्ये तेही गेले. म्हणजे सतरा-अठराव्या वर्षी पोरगा पोरका, हातात पैसे नाहीत. व्हिएन्ना कॉन्झर्व्हेटरीत (संगीत विद्यालयात) त्याला फी माफ झाली होती, पोटापाण्यासाठी तो पियारिस्ट पंथाच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. ऑर्गन शिकवायला होते संगीतकार आंतोन ब्रुकनर, आणि त्यांचा हा लाडका विद्यार्थी. वर्गमित्रांमध्ये पुढे मोठा संगीतकार झालेला गुस्ताव माहलर, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. ह्यूगो वोल्फही त्याच मंडळींतला.

त्या वेळचं व्हिएन्ना कसं होतं हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. संगीतात सरळ दोन तट होते, एकीकडे संगीतकार वॅग्नर आणि त्यांना मानणारे ब्रुकनर, दुसरीकडे संगीतकार ब्राम्स आणि त्यांच्या बाजूने लिहिणारे समीक्षक हान्सलिक. आपल्याकडे दोन घराण्यांच्या शिष्यांनी एकमेकांच्या बैठकीला जायचं नाही असे दिवस होते ना, साधारण तसंच, फक्त इथे नोकऱ्या, शिष्यवृत्त्या आणि कार्यक्रम सगळं त्या तटांवर ठरायचं. १८७७ च्या डिसेंबरमध्ये ब्रुकनरांची तिसरी सिंफनी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली तेव्हा लोक मधूनच उठून गेले, शेवटी थोडेच उरले होते, त्यात तरुण माहलर होता. ब्रुकनरांचा शिष्य असणं म्हणजे काय याची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

१८७८ मध्ये रॉटने सिंफनीची पहिली मूव्हमेंट (सिंफनीचा एक स्वतंत्र भाग) कॉन्झर्व्हेटरीच्या स्पर्धेत दिली. परीक्षक हसले. ब्रुकनर एकटे उठून म्हणाले की हसू नका, या माणसाकडून तुम्हाला पुढे मोठं काहीतरी ऐकायला मिळणार आहे. बक्षीस मिळालं नाही. रॉटने पुढच्या तीन मूव्हमेंट लिहायला घेतल्या आणि १८८० च्या उन्हाळ्यात सिंफनी पूर्ण केली.

अडचण काय होती

सिंफनी लिहून झाली म्हणजे ती अस्तित्वात आली असं नाही, हे मला फार उशिरा समजलं. भातखंड्यांनी बंदिशी कागदावर उतरवल्या त्या आधी कोणाच्या तरी गळ्यात होत्या, गुरूकडून शिष्याकडे येत होत्या, कागद नंतर आला. इथे उलटं आहे. सगळं कागदावरच आहे, प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर लिहिलेला, आणि तरी साठ-सत्तर माणसं, एक हॉल, ऑर्केस्ट्राला इशारे देणारा एक कंडक्टर आणि काही दिवसांची रिहर्सल जमल्याशिवाय त्यातला एक सूर ऐकू येत नाही. लिहिणाऱ्याला सुद्धा नाही. पियानोवर अंदाज येतो तेवढाच.

रॉटपुढे मग दोन दारं होती. ब्राम्स त्या वर्षीच्या सरकारी शिष्यवृत्तीच्या परीक्षकांमध्ये होते, आणि हान्स रिश्टर व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे कंडक्टर होते. सप्टेंबर १८८० मध्ये रॉट सिंफनी घेऊन ब्राम्सकडे गेला. ब्राम्सनी त्याला सांगितलं की यात काही जागा इतक्या सुंदर आहेत आणि बाकीचं इतकं सामान्य की त्या सुंदर जागा तुझ्या नसणारच, संगीत सोडून दे, अशी त्या भेटीची हकीकत सांगितली जाते. ज्या सिंफनीच्या शेवटच्या मूव्हमेंटमध्ये रॉटने ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीतल्या धूनेची सरळ सरळ आठवण करून दिलीय, तीच सिंफनी घेऊन तो ब्राम्सकडे गेला होता. मला तरी ऐकताना तो नमस्कारच वाटतो. ऑक्टोबरमध्ये रिश्टरनी स्कोअर पाहिला, चांगलं बोलले, पण कार्यक्रमात घेतो असं म्हणाले नाहीत.

त्याच महिन्यात रॉट अल्सासमधल्या म्युलूझला कॉयर (गायकवृंद) चालवायच्या नोकरीवर निघाला. व्हिएन्ना सोडायची त्याची इच्छा नव्हती, पण दुसरं काही हातात नव्हतं. ट्रेनमध्ये एक प्रवासी सिगार पेटवायला लागला तेव्हा रॉटने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, म्हणाला ब्राम्सनी गाडीत डायनामाइट भरून ठेवलंय. त्याला परत आणून मानसिक रुग्णालयात ठेवलं गेलं. पुढे १८८१ मध्ये ती सरकारी शिष्यवृत्ती त्याला मंजूर झाली, तेव्हा तो आत होता. २५ जून १८८४ ला क्षयाने गेला, वय पंचवीस.

ट्रेनची ही गोष्ट इथेच सांगून मोकळा होतो कारण रॉटबद्दल जिथे वाचाल तिथे हीच पहिली येते आणि सिंफनी मागे राहते. एका आजारी मुलाच्या सगळ्यात वाईट दिवसावरून त्याची ओळख करून द्यावी हे मला पटत नाही.

रॉटला तेव्हा वेगळं काय करता आलं असतं? मागाहून बोलणं सोपं आहे, पण एक दिसतं की त्याने सगळ्यात मोठ्या दोन माणसांकडे जाऊन एकदम निकाल मागितला. त्या काळी सिंफनी गावोगाव पोचायची ती चार हातांच्या पियानो आवृत्तीतून, घराघरात दोन माणसं एका पियानोवर बसून वाजवायची. मित्रमंडळींत पियानो वाजवणारे भरपूर होते. छोट्या गावातला एखादा ऑर्केस्ट्रा, किंवा नुसती एक मूव्हमेंट, असंही काही चाललं असतं कदाचित. अर्थात शिकवणी मिळायचीही मारामार असलेल्या माणसाला हा सल्ला देणारा मी कोण, पण आजही नवीन काम घेऊन लोक पहिल्यांदा सगळ्यात वरच्या दारातच जातात म्हणून लिहिलं.

माहलरचं वर्ष, १९००

रॉटचे कागद मित्रांनी जपले. त्याने स्वतः रुग्णालयात काही रचना फाडून नष्ट केल्या होत्या, त्यामुळे जे उरलं ते मित्रांमुळेच उरलं. आणि १९०० च्या उन्हाळ्यात सिंफनीचा स्कोअर माहलरच्या हातात आला.

हा माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णयबिंदू आहे. विचार करा, माहलर तेव्हा व्हिएन्ना ऑपेराचा संचालक, शिवाय व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या मैफली त्याच्याच हातात. ज्या ऑर्केस्ट्राचं दार रॉटला वीस वर्षांपूर्वी उघडलं नाही त्याच ऑर्केस्ट्राच्या समोर आता त्याचा वर्गमित्र उभा. स्कोअर वाचून तो त्याची मैत्रीण नाताली बाउअर-लेश्नर हिला जे म्हणाला ते तिने लिहून ठेवलंय. त्याचा आशय असा की रॉट गेल्यामुळे संगीताचं किती नुकसान झालं याचा हिशोब लागत नाही, मला समजते तशा नव्या सिंफनीचा पाया त्याने घातला, त्याला जे हवं होतं ते अजून पुरतं साधलेलं नाही, हात पार मागे नेऊन जोर लावून फेकावं पण हात अजून तयार नसल्यामुळे नेम पूर्ण लागू नये तसं झालंय. मी आणि तो एकाच झाडाची दोन फळं, असंही तो म्हणाला.

एवढं म्हणूनही त्याने ती वाजवली नाही. १९०१ मध्ये फिलहार्मोनिकचं काम त्याने सोडलं, तब्येत बिघडली होती, ऑर्केस्ट्राशी पटत नव्हतं, त्याच्या स्वतःच्या सिंफन्यांनाच व्हिएन्नात विरोध होत होता. त्याने ती का वाजवली नाही याबद्दल लोक नाही नाही ते बोलतात, कारण रॉटचं स्केर्त्सो, म्हणजे तिसरी मूव्हमेंट, ऐकलं की माहलरच्या पहिल्या सिंफनीतल्या दुसऱ्या मूव्हमेंटची आठवण येतेच येते, तीच लेंडलर या ऑस्ट्रियन लोकनाचाची चाल, तीच पायाखाली जमीन हलवणारी सुरुवात, आणि रॉटचं १८८० चं तर माहलरचं १८८८ चं. म्हणजे चोरी लपवली असा आरोप. मला तो आरोप मान्य नाही. ज्याला लपवायचंय तो मैत्रिणीला बसवून एवढं मोकळेपणाने सांगत नाही. पण संधी हातात असून वापरली नाही हे खरंच आहे आणि त्याची किंमत होती अजून एकोणनव्वद वर्षं.

सापडणं आणि त्यानंतरची दहा वर्षं

पुढे रॉटचं हस्तलिखित व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आलं. कॅटलॉगात नाव होतं, कोणी मागितलं असतं तर मिळालं असतं.

मागणारा आला तो माहलरमुळे. १९६० च्या आसपास माहलरची जन्मशताब्दी झाली, रेकॉर्ड निघायला लागल्या, आणि मग अभ्यासकांना त्याच्या तरुणपणीची माणसं शोधायची गरज पडली. पॉल बँक्स नावाचे ब्रिटिश संगीत अभ्यासक १९७० च्या दशकात माहलरच्या सुरुवातीच्या वर्षांवर काम करत होते, त्यांना माहलरचे ते उद्गार माहीत होते, ते ग्रंथालयात जाऊन मूळ स्कोअर बघून आले. सापडणं म्हणतात ते हे. आणि सिंफनी वाजली १९८९ मध्ये. मधल्या दहापेक्षा जास्त वर्षांत काय झालं, तर काम झालं.

हे काम म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः हौशी स्ट्रिंग ग्रुपमध्ये व्हायोला वाजवायचो आणि पार्टमध्ये एक शार्प (स्वर अर्धा चढवायचं चिन्ह) राहून गेला की अर्धी रिहर्सल कशी जाते ते बघितलंय. स्कोअर असतो कंडक्टरसाठी, त्यात सगळी वाद्यं एकाखाली एक. वाजवणाऱ्यापुढे असतो त्याचा एकट्याचा पार्ट. हिंदी सिनेमाच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गोव्याचे अरेंजर बसून प्रत्येक व्हायोलिनवाल्याचे कागद लिहायचे आणि स्टँडवर ठेवायचे, ते हेच. तीन-चार मिनिटांच्या गाण्यासाठी ते रातोरात व्हायचं. इथे जवळपास तासाभराचं संगीत आणि मोठा ऑर्केस्ट्रा आहे. त्याआधी मूळ हस्तलिखितातलं प्रत्येक चिन्ह वाचायचं, जिथे लिहिणाऱ्याने घाईत चूक केलीय तिथे ती चूक आहे की मुद्दाम केलंय ते ठरवायचं, बासरीला वेगळा आणि क्लॅरिनेटला वेगळा स्वर दिलाय तर कोणाचा खरा. लिहिणारा हयात नाही, त्याने ते कधी ऐकलेलं नाही, विचारायचं कोणाला.

आणि इथेच रॉटची केस बाकीच्यांपेक्षा अवघड होते. माहलरची पहिली सिंफनी १८८९ मध्ये बुडापेस्टला पहिल्यांदा वाजली तेव्हा पाच मूव्हमेंटची होती, पुढे त्याने ती बदलत बदलत नेली, एक मूव्हमेंट काढून टाकली, वाद्यं बदलली. ब्रुकनरनी तर आयुष्यभर आपल्या सिंफन्या दुरुस्त केल्या. ऐकलं, चुकलं, बदललं, असं करतच मोठे लोक शिकले. रॉटला ती एकही संधी मिळाली नाही. आज आपण ऐकतो तो त्याचा पहिला खर्डा आहे, आणि आपण त्याची तुलना माहलरच्या दुरुस्त केलेल्या आवृत्तीशी करतो.

कोणते पर्याय होते

बँक्स आणि बाकीच्यांनी बसून अशी यादी केली होती असं माझं म्हणणं नाही, पण अशा वेळी समोर जे रस्ते असतात ते असे.

पहिला, नुसता लेख लिहायचा. अभ्यासकाचं काम तिथे संपतं, नाव होतं, कोणाशी भांडावं लागत नाही. पण मग सिंफनी माहलरच्या चरित्रातली तळटीप होऊन राहते, आणि लोक ती न ऐकताच तिच्याबद्दल मतं बनवतात. तसं बरंच झालंही असतं.

दुसरा, एखाद्या नामांकित ऑर्केस्ट्राची वाट बघायची. व्हिएन्नानेच ती पहिल्यांदा वाजवावी हा विचार मनात येणं साहजिक आहे, तो न्यायही वाटतो. पण मोठ्या व्यावसायिक ऑर्केस्ट्राला एका कार्यक्रमासाठी साधारण दोन-तीन दिवसांची रिहर्सल असते, बीथोव्हन असेल तर ती पुरते कारण सगळ्यांच्या बोटात तो आधीपासून आहे. कोणीच कधी न ऐकलेल्या, न दुरुस्त केलेल्या, पार्टमध्ये नक्की चुका असणाऱ्या तासाभराच्या सिंफनीला ती पुरत नाही. आणि तिकिटं कोण घेणार हा प्रश्न वेगळा.

तिसरा, रेडिओचा ऑर्केस्ट्रा. ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत अनेक विसरलेल्या सिंफन्या याच वाटेने परत आल्यात, तिथे तिकिटाची चिंता कमी. वाट चांगली होती.

चौथा, कॉलेजचा ऑर्केस्ट्रा. वेळ भरपूर, आठवडेच्या आठवडे एकच काम करता येतं, पैसा कमी लागतो. धोका हा की विद्यार्थ्यांनी वाजवलंय म्हणून कामालाच कच्चं समजलं जाईल.

झालं ते चौथं. सिनसिनाटी विद्यापीठाच्या कॉलेज-कॉन्झर्व्हेटरी ऑफ म्युझिकमध्ये गेरहार्ड सॅम्युएल कंडक्टर होते, मूळचे जर्मनीतले, बॉनचे. त्यांनी बँक्सनी तयार केलेल्या आवृत्तीवरून सिनसिनाटी फिलहार्मोनिया या विद्यार्थ्यांच्या ऑर्केस्ट्राकडून ती बसवून घेतली. माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय. पहिल्याच पानावर ट्रंपेटला एकट्याला हळू आवाजात मुख्य धून वाजवायचीय, खाली तंतुवाद्यांचा पातळ पडदा, लपायला जागा नाही. ती धून त्या मुलाने किंवा मुलीने आयुष्यात कधी ऐकलेली नव्हती, जगात कोणीच ऐकलेली नव्हती. कशी वाजवायची याची परंपरा नाही, रेकॉर्ड नाही, गुरूने गाऊन दाखवलेलं नाही. अशा वेळी अनुभवापेक्षा वेळ जास्त उपयोगी पडतो असं मला वाटतं.

ध्वनिमुद्रण

त्याच वर्षी लंडनच्या हायपेरियन या छोट्या लेबलने त्याच ऑर्केस्ट्राकडून ती रेकॉर्ड करून सीडी काढली. ही वेळ लक्षात घ्या. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, ऐंशीच्या दशकात लोकांनी आपापले बीथोव्हन आणि ब्राम्स नव्याने विकत घेतले, ते मोठ्या कंपन्यांकडून. छोट्या लेबलांना त्यात जागा नव्हती, त्यांना कोणाकडेच नसलेलं काहीतरी हवं होतं. हायपेरियन १९८० ची, मार्को पोलो १९८२ ची, जर्मनीची सीपीओ १९८६ ची, सगळ्यांनी दुर्लक्षित रचनांवर आपलं दुकान उभं केलं. योगायोग बघा, इंग्लिश संगीतकार हॅवर्गल ब्रायनच्या अवाढव्य गॉथिक सिंफनीचं ब्रातिस्लावात केलेलं रेकॉर्डिंग मार्को पोलोने काढलं तेही त्याच सुमाराला. म्हणजे रॉटला बँक्स भेटले, सॅम्युएल भेटले, तसाच बाजारही भेटला. दहा वर्षं आधी ही रेकॉर्ड निघणं कठीण होतं.

आता ट्रँगलबद्दल, म्हणजे काडीने वाजवायच्या धातूच्या त्रिकोणाबद्दल. रॉटने ट्रँगल इतका वापरलाय की शेवटच्या मूव्हमेंटमध्ये तो थांबतच नाही असं वाटतं. पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण याबद्दल बोलतो. रेकॉर्डिंग करणाऱ्यांपुढे खरा पेच हाच: जे लिहिलंय ते तसंच वाजवायचं, की रॉटने एकदा ऐकलं असतं तर त्याने निम्मं काढून टाकलं असतं असं मानून आपणच कमी करायचं. पहिल्या रेकॉर्डिंगपुरतं मी ठामपणे सांगेन की तसंच वाजवावं. पहिली रेकॉर्ड म्हणजे पुरावा असतो, त्यात आपली सुधारणा घुसवली की पुढच्या माणसाला मूळ काय होतं तेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रेकॉर्डिंगला कंडक्टरने आपलं मत लावावं, माइक जरा लांब ठेवावा, वाजवणाऱ्याला हलक्या काडीने वाजवायला सांगावं. हल्लीच्या रेकॉर्डमध्ये ट्रँगल कुठे पुढे, कुठे मागे ऐकू येतो, आणि तेवढ्यानेही सिंफनीचा चेहरा बदलतो हे पाहून मला आश्चर्य वाटलं.

त्या पहिल्या सीडीत विद्यार्थ्यांचा ताण काही ठिकाणी जाणवतो, वरच्या पट्टीत व्हायोलिन थोडी पातळ पडतात, शेवटी ब्रास (पितळी फुंकवाद्यांचा ताफा) दमलाय असं वाटतं. तरी मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा दुसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटाला, जिथे सगळा गोंधळ शमून ब्रास एखाद्या चर्चमधल्या ऑर्गनसारखं शांत होतं, तिथे मी हातातलं काम सोडून बसून राहिलो. ऑर्गन वाजवून पोट भरणाऱ्या मुलाने ते लिहिलंय हे न सांगता कळतं.

पुढे काय झालं

१९८९ नंतर ती पुन्हा कपाटात गेली नाही. फिनलंडचे लाइफ सेगरस्टाम यांनी स्वीडनच्या नॉरशोपिंग ऑर्केस्ट्राबरोबर बीआयएस या लेबलसाठी रेकॉर्ड केली, त्यांची चाल संथ, भव्य. मग डेनिस रसेल डेव्हिस यांनी व्हिएन्नाच्या रेडिओ ऑर्केस्ट्राबरोबर केली, म्हणजे जन्मगावातल्या वादकांनीही शेवटी ती रेकॉर्डवर आणली. सेबास्टियान वायगले म्युनिकच्या रेडिओ ऑर्केस्ट्राबरोबर, पावो यार्वी फ्रँकफुर्टच्या रेडिओ ऑर्केस्ट्राबरोबर. वर तिसरा रस्ता म्हणालो ना रेडिओचा, तो इथे कामाला आला, दुसऱ्या फेरीत. व्हिएन्नात २००२ मध्ये रॉटच्या नावाची आंतरराष्ट्रीय सोसायटी स्थापन झाली, आणि बेर्ट हागेल्स यांनी स्कोअरची नव्याने तपासलेली आवृत्ती केली, ती बर्लिनला छापली गेली. २०२२ मध्ये याकुब ह्रुशा आणि बाम्बेर्ग सिंफनीने ती डॉइच ग्रामोफोनसाठी काढली, सोबत ब्रुकनरच्या नावावर असलेली एक छोटी रचना आणि माहलरच्या पहिल्या सिंफनीतून गळलेली ती मूव्हमेंट, ब्लुमिने. गुरू, शिष्य, आणि मित्र एका तबकडीवर, आणि वेळ सगळ्यात जास्त रॉटला.

काय वेगळं करता आलं असतं

तपासून छापलेला स्कोअर फार उशिरा आला. रेकॉर्ड १९८९ ची आणि हागेल्सची आवृत्ती २००० नंतरची. मधल्या काळात एखाद्या कंडक्टरने सीडी ऐकून उत्साहाने म्हटलं असतं की मला ही करायचीय तर दुकानातून स्कोअर घेऊन अभ्यास करावा अशी सोय नव्हती. ऐकणाऱ्याला सीडी पुरते, वाजवणाऱ्याला कागद लागतो. माझ्या हातात असतं तर रेकॉर्डिंगच्या खर्चातच आवृत्तीचे पैसे धरले असते, रिहर्सलमध्ये सापडलेल्या प्रत्येक चुकीची वही ठेवली असती आणि ती वही छापायला दिली असती. कोणीही आज असं काम हातात घेत असेल तर मी सगळ्यात आधी हे सांगेन.

दुसरं, ओळख करून द्यायची पद्धत. माहलरच्या आधीचा माहलर, असं रॉटला विकलं गेलं, आणि त्याशिवाय कोणी ऐकलं नसतं हेही मला कळतं, मी स्वतः माहलरमुळेच त्याच्यापर्यंत आलो. पण त्याचा तोटा असा की लोक ऐकताना सारख्या जागा शोधत बसतात, हे तिथलं, ते तिथलं. पहिल्या मूव्हमेंटमध्ये तो एकच धून घेऊन ती किती धीराने उंच नेतो, त्याला कुठेच घाई नाही, हे माहलरसारखं नाही आणि ब्रुकनरसारखंही पूर्ण नाही. ते ऐकायचं राहून जातं. मी मित्रांना ऐकवतो तेव्हा आता नाव सांगत नाही, गोष्ट सांगत नाही, आधी ट्रंपेट ऐका म्हणतो. एकाने तासाभराने विचारलं की याने अजून काय लिहिलंय. दुसऱ्या सिंफनीचे नुसते तुकडे आहेत असं सांगताना मला फार वाईट वाटलं.

तिसरं, बँक्स यांच्यानंतर इतकी वर्षं एकाच सिंफनीवर सगळ्यांचं लक्ष राहिलं. रॉटच्या बाकीच्या ऑर्केस्ट्रासाठीच्या रचना, सुइट, प्रिल्यूड, ओव्हर्चर, एकत्र रेकॉर्ड व्हायला २०२० च्या आसपासची वेळ यावी लागली, कोलोनच्या ग्युर्त्सेनिश ऑर्केस्ट्राने क्रिस्टोफर वॉर्डच्या हाताखाली ते केलं. तो विद्यार्थी असतानाचा रियाझ त्यात ऐकू येतो, कुठून सुरुवात करून तो या सिंफनीपर्यंत पोचला ते समजतं. हे आधी झालं असतं तर ही सिंफनी एका वेड्या मुलाच्या डोक्यातून अचानक बाहेर पडली हा समज इतका पसरला नसता.

शेवटची मूव्हमेंट वीस-बावीस मिनिटांची आहे आणि तिच्यात तो खूप काही करायला बघतो, फ्यूग (एकच धून वाद्यांनी एकामागून एक उचलायची रचना) घालतो, दोनदा-तीनदा संपल्यासारखं करून पुन्हा चढतो. रिश्टर किंवा कोणीही रिहर्सलला उभं राहिलं असतं तर त्याला म्हणालं असतं की इथे पाच मिनिटं काप, आणि बहुतेक त्याने कापलीही असती. मग अगदी शेवटी तो जोरात संपवत नाही, ट्रंपेटने सुरू केलेली पहिली धून परत येते आणि आवाज हळूहळू खाली उतरत जातो. ती पाच मिनिटं कापली नाहीत म्हणून मला आता बरंच वाटतं.